पंक्तिप्रपंच

मागच्या महिन्यात आईची पंचाहत्तरी झाली. तुमच्यापैकी निम्मेअधिक जण त्या दिवशी हजर होतात, त्यामुळे जेवण किती झकास होतं ते मी सांगायला नको. मी सांगणार आहे ते तुम्ही घरी गेल्यानंतरचं. रात्री दोन वाजल्यापासून पुढचे तीन दिवस माझं काय झालं ते. घाबरू नका, तपशील देत नाही! पण अंथरुणात पडल्यापडल्या डोक्यात जे घोळत होतं ते आज लिहून टाकते. काही जणांना कडू लागेल. लागू दे.

हॉटेल ठरवायचं काम माझ्याकडेच होतं. मुंबईत बत्तीस माणसांना एकत्र बसता आलं पाहिजे, आईला जिना चढावा लागता कामा नये आणि मला जेवता आलं पाहिजे, अशा तीन अटी. पहिल्या दोन सुटायला दोन दिवस लागले, तिसरीला तीन आठवडे. शेवटी एक 'अस्सल मराठमोळं' हॉटेल सापडलं. मॅनेजरशी मी दोनदा फोनवर बोलले. गहू, मैदा, रवा यातलं काहीही चालत नाही, कणभरसुद्धा नाही, आवडनिवड नाही, आजार आहे, असं सगळं सांगितलं. "मॅडम, आपल्याकडे ज्वारीची भाकरी आहे, पिठलं आहे, भरलं वांगं आहे. काळजीच करू नका!" मी काळजी केली नाही. तिथेच चुकलं.

भाकरी आली. गोल, पातळ, मऊसूत. इतकी मऊ की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण समोर आई हसत बसलेली, बाजूला दादाची मुलं, ताटात गरम भाकरी आणि लोणी... किती दिवसांनी सगळ्यांबरोबर तेच जेवत होते मी. अर्धी पोटात गेल्यावर पाण्याची बाटली मागायला उठले तर स्वयंपाकघराच्या उघड्या दारातून दिसलं, आतल्या ताई पोळपाटावर भाकरी लाटत होत्या. थापत नव्हत्या, लाटत होत्या. मी विचारलं. त्यांनी बिचाऱ्यांनी खरं ते सांगितलं. "नुसत्या ज्वारीची मोडते हो ताई, गर्दीच्या वेळी कोण थापत बसणार? मूठभर कणीक घालतो. आणि लाटायला वरून गव्हाचीच पिठी."

मॅनेजरला गाठलं तर म्हणाला, "ज्वारीचीच आहे मॅडम. थोडं मिक्स असतंच."

मी परत येऊन बसले, भाकरी बाजूला सारली आणि ताकाचा पेला पुढे ओढला. तेवढ्यात आत्या म्हणाली (आत्या, तू हे वाचणार आहेस हे मला माहीत आहे), "अगं, मूठभर कणकेने काय होतंय? आईचा वाढदिवस आहे, खा गपचूप." आणि पलीकडून मावसभाऊ, "आमच्या ऑफिसातल्या एकीनेपण ग्लूटेन सोडलंय. काय बारीक झालीय माहितीये!"

तर मंडळी, आधी हे एकदाचं सांगून टाकते, म्हणजे पुन्हा सांगायला नको.

सीलिअ‍ॅक हा आजार म्हणजे अ‍ॅलर्जी नाही, पथ्य नाही, फॅशन तर नाहीच नाही. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. ते पोटात गेलं की आमच्यासारख्यांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला चढवते. आतड्याच्या आतल्या बाजूला अन्नरस शोषून घेणारे मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात, ते झिजून सपाट होतात. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. मला अनेक वर्षं अ‍ॅनिमिया होता, लोहाच्या गोळ्या खाऊन खाऊन जीभ काळी झाली, आणि चौतिसाव्या वर्षी रक्ताची तपासणी आणि एंडोस्कोपी झाल्यावर कारण कळलं. यावर औषध नाही. ग्लूटेन कायमचं बंद, एवढाच उपाय. गव्हाचा आणि या आजाराचा संबंध दाखवला तो विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. त्याचा प्रबंध १९५० सालचा आहे. तेव्हा ना जिम होत्या ना डाएटचे व्हिडिओ. त्यामुळे 'हे हल्लीचं फॅड' हे वाक्य कृपा करून परत घ्या.

आता 'मूठभर कणकेने काय होतंय' त्याचं उत्तर. इटलीतल्या संशोधकांनी २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पथ्यावर असलेल्या सीलिअ‍ॅक रुग्णांना तीन महिने रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लूटेन दिलं. तेवढ्यानेही आतड्याला इजा झालेली दिसली. ५० मिलिग्रॅम म्हणजे किती? आपल्या एका पोळीत जेवढं ग्लूटेन असतं त्याचा ढोबळमानाने पन्नासावा भाग. पोळीचा एक घास नव्हे, त्या घासाचाही तुकडा. मूठभर कणीक तर फार लांब राहिली.

हे झालं शास्त्र. पण मला आज आतड्याबद्दल लिहायचंच नाहीये. मला भांडायचंय ते हॉटेलांशी, आणि खरं सांगायचं तर हॉटेलांपेक्षा आपल्या सगळ्यांशी.

एक कबुलीजबाब देते. गेली काही वर्षं मी हॉटेलांत सर्रास खोटं बोलते. वेटरला आजाराचं सांगितलं की त्याच्या चेहऱ्यावर 'आली नखरेवाली' असं उमटतं. 'ग्लूटेन' म्हटलं की तो 'ग्लुकोज?' असं विचारतो (एकाने खरंच विचारलं होतं). मग एक दिवस वैतागून मी म्हटलं, "भाऊ, माझा उपवास आहे." आणि काय सांगू! त्याचा चेहराच बदलला. त्याने ताट पुसून आणलं. पाण्याचा पेला बदलला. आत ओरडून सांगितलं, "उपवासाचं आहे रे, कढई बघून!" दोन मिनिटांनी स्वतःच परत येऊन म्हणाला, "ताई, वड्याचं तेल समोशाचं आहे, तुम्ही वडा नका घेऊ, खिचडी घ्या."

समोशाचं तेल! हाच प्रश्न मी वर्षानुवर्षं विचारत होते आणि लोक मला वेड्यात काढत होते. मैद्याचा समोसा तळलेल्या तेलात साबुदाणा वडा तळला तर वड्याला मैदा लागतो, हे त्या माणसाला न शिकवता कळत होतं. फक्त ते माझ्या आजारासाठी कळत नव्हतं, माझ्या व्रतासाठी कळत होतं.

तेव्हापासून मी मंगळवार, शनिवार, चतुर्थी, प्रदोष, काय वाटेल ते पाळते. गावातल्या एखाद्या सोवळ्या आजीने केले नसतील इतके उपास मी दादर ते बोरिवलीच्या दरम्यान केले आहेत. आषाढी एकादशी हा तर माझा वर्षातला सगळ्यात मोठा खाण्याचा सण, कारण त्या दिवशी बऱ्याच ठिकाणी उपवासाची कढई वेगळी लागते. :)

पण हसण्यावारी नेऊ नका. यातून काय सिद्ध होतं बघा. 'आमच्याकडे अशी सोय नाही', 'एवढं वेगळं ठेवणं शक्य नाही', 'आचाऱ्यांना समजत नाही' ही जी तीन उत्तरं मला दर वेळी मिळतात ती तिन्ही खोटी आहेत. अन्न अन्नाला लागू न देणं ही गोष्ट आपल्याइतकी दुसऱ्या कुणाला समजत असेल असं मला वाटत नाही! मुंबईत कुठल्याही गाडीवर जा, 'जैन मिळेल' अशी पाटी असते. जैन पावभाजी, जैन पिझ्झा, जैन शेजवान. कांदा-लसूण-बटाटा न घालता पावभाजी करून दाखवणारं हे शहर आहे. व्हेज-नॉनव्हेजचं तर विचारूच नका. वेगळी स्वयंपाकघरं, वेगळी भांडी, वेगळे डाव. आपल्या देशात पाकिटांवरचा तो शाकाहाराचा हिरवा ठिपका कित्येक वर्षांपासून सक्तीचा आहे आणि पाच वर्षांचं पोरही तो ओळखतं. सोवळं-ओवळं, उष्टं-खरकटं, निरसं-सकसं असे शब्द ज्या भाषेत आहेत, तिच्यात 'क्रॉस कंटॅमिनेशन' समजावून सांगायला मला घाम फुटावा?

माझा राग जैन आहारावर किंवा उपवासावर नाही, हे नीट लक्षात घ्या. उलट ते माझे आदर्श आहेत. त्या लोकांनी लाजत, माफी मागत विचारलं नाही. 'आम्ही हे खात नाही, तुमच्याकडे आहे का?' असं ताठ मानेने विचारलं, नसेल तर उठून दुसरीकडे गेले, आणि हॉटेलवाल्यांनी तवे बदलले. धंदा असाच बदलतो. राग आहे तो याचा की श्रद्धेसाठी वेगळा तवा मागितला तर ती निष्ठा, आणि आजारासाठी मागितला तर तो नखरा.

आता तुम्ही म्हणाल, मग घरीच जेवावं ना माणसाने. हे मला आत्तापर्यंत किमान पन्नास जणांनी सुचवलं आहे, सगळ्यांनी प्रेमानेच. पण शहरात माणसं भेटतात कुठे हो? पूर्वी घरी बोलवायचे. आता पाचशे चौरस फुटांत कोण कुणाला बोलावणार? मैत्रिणीचा निरोप समारंभ हॉटेलात, मुलाच्या लग्नाची बोलणी हॉटेलात, ऑफिसातलं प्रमोशन, बारशाचं जेवण, जुन्या वर्गमित्रांचं संमेलन, सगळं हॉटेलात. 'घरीच जेव' याचा अर्थ 'यातलं काहीच करू नकोस' असा होतो. किंवा 'ये, पण लिंबू सरबत पीत बघत बस' असा. मी तेही करून पाहिलं आहे. स्वतःचा डबासुद्धा नेऊन पाहिला आहे. एका मोठ्या हॉटेलात मला 'बाहेरचे खाद्यपदार्थ आणण्यास मनाई आहे' ही पाटी दाखवण्यात आली. तुम्ही देणार नाही आणि मी आणायचं नाही!

दुसरा आक्षेप, हॉटेलवाल्याला हे परवडत नाही. हिशेब करू या. मला अमेरिकेतून आणलेलं बदामाचं पीठ नकोय. आपल्या शहरातल्या स्वयंपाकघरांत निम्मं अन्न मुळातच बिनगव्हाचं आहे. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, सगळ्या डाळी, दाणे, नारळ, दही, मासे, मटण, भाज्या. त्यात गहू शिरतो तो चोरवाटांनी. त्या वाटा मोजक्या आहेत आणि मला आता तोंडपाठ आहेत. भाकरीत घातलेली कणीक आणि लाटायची पिठी. थालीपिठाच्या भाजणीतले गहू. बांगड्याला लावलेला रवा. ग्रेव्ही दाट करायला घातलेला मैदा. चायनीजमधला सोया सॉस, कारण तो सोयाबीनबरोबर बहुधा गहू आंबवून करतात. डोसा कुरकुरीत व्हावा म्हणून पिठात टाकलेला रवा, आणि साधा डोसा ज्या तव्यावर पडतो त्याच तव्यावर आधी पडलेला रवा डोसा. नानच्या भट्टीत भाजलेली तंदुरी कोंबडी. समोशाच्या तेलातले बटाट्याचे काप. आणि सगळ्यात लबाड म्हणजे हिंग! बाजारातल्या डबीतल्या हिंगात खरा हिंग थोडासाच असतो, बाकी डिंक आणि पीठ, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं. म्हणजे इडली निर्दोष आणि सांबार दोषी. वरणभात, आपला साधा वरणभात, फोडणीतल्या चिमूटभर हिंगापायी मला बंद.

हे बुजवायला काय लागतं? एक वेगळा तवा. एक लहान कढई. एक पळी, एक पोळपाट किंवा परात. तांदळाच्या पिठात कालवलेला हिंग, जो बाजारात मिळतो, नाहीतर बिनहिंगाची फोडणी. भाकरी थापणारी एक बाई, जी तशीही पगारावर आहे. आणि भिंतीवर चिकटवलेला एक कागद, ज्यावर कुठल्या पदार्थात काय आहे ते लिहिलेलं असेल. एवढंच. मला वाटतं, त्या पंचाहत्तरीच्या हॉटेलात छताला टांगलेल्या कंदिलांना आणि भिंतीवरच्या वारली चित्रांना याच्या वीसपट खर्च आला असेल.

आणि कायदा नाही असंही नाही. एफएसएसएआयच्या २०२० सालच्या नियमांप्रमाणे दहा किंवा जास्त शाखा असलेल्या हॉटेलांनी पदार्थांतल्या अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती ग्राहकाला द्यायची आहे, आणि त्या यादीत ग्लूटेन असलेली धान्यं आहेत. एखादा पदार्थ 'ग्लूटेन-फ्री' म्हणायचा तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही, हाही दंडक आहे. पण छोट्या हॉटेलाला पहिला नियम लागत नाही, आणि मोठ्या हॉटेलात मी ती माहिती मागितली की मॅनेजर मला कॅलरीचा तक्ता आणून दाखवतो.

आता त्या दुसऱ्या जमातीकडे वळते. वांद्र्यापासून पवईपर्यंत उगवलेले ते कॅफे, ज्यांच्या मेनूकार्डावर 'ग्लूटेन-फ्री' असं गव्हाच्या ओंबीवर फुली मारून छापलेलं असतं. तुम्हाला वाटेल, मग झालं की! नाही झालं. एक तर नाचणीच्या एका पॅनकेकची किंमत बघून माझ्या सासूबाईंना भोवळ आली होती. (कोकणात याला घावन म्हणतात आणि सकाळी चहाबरोबर पाच-सहा खातात.) पण पैशाचं सोडा. मी एकदा विचारलं, "हा बेस वेगळ्या ओव्हनमध्ये भाजता का?" तर तो गोड मुलगा म्हणाला, "नो मॅम, सेम ओव्हन. पण आमचे बहुतेक कस्टमर लाइफस्टाइलसाठीच घेतात." म्हणजे पदार्थ ज्यांना गरज नाही त्यांच्यासाठी केलेला आहे, आणि ज्यांना गरज आहे त्यांनी तो खायचा नाही. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं केलं, प्रस्ताव भारताचाच होता. मला किती आनंद झाला होता! आणि त्या वर्षी मला काय मिळालं? नाचणीचा पिझ्झा, ज्यात निम्मा मैदा. बाजरीचा ब्रेड, ज्यात पहिला घटक गव्हाचं पीठ. ज्वारी-बाजरीचे फोटो भिंतीवर आणि कणीक ताटात. मावसभावा, तुझ्या ऑफिसातल्या बाईंवर माझा राग नाही, खुशाल बारीक होऊ देत. पण त्यांनी चवीपुरतं सोडलेलं ग्लूटेन आणि माझं ग्लूटेन वेटरला एकच वाटतं, आणि 'थोडं चालतं' हे तो त्यांच्याकडून शिकून मला सांगतो.

कुणी म्हणेल, गव्हाच्या देशात हे व्हायचंच. मग इटलीचं काय? पास्ता, पाव आणि पिझ्झ्यावर जगणारा देश तो. तिथे २००५ साली कायदा झाला. शाळांच्या, इस्पितळांच्या आणि सरकारी खानावळींत मागितल्यास ग्लूटेन नसलेलं जेवण द्यावं लागतं, आणि रुग्णांना असं अन्न विकत घ्यायला सरकार दरमहा ठरावीक रकमेची मदत देतं. तिथली रुग्णांची संघटना हॉटेलवाल्यांना शिकवते आणि शिकलेल्या हॉटेलांची यादी ठेवते. त्यांनी पास्ता सोडला नाही. फक्त दुसरं पातेलं ठेवलं. आणि आपल्याकडे हा आजार दुर्मीळ आहे अशी समजूत असेल तर तीही काढून टाका. उत्तर भारतात साधारण शंभरात एकाला तो असल्याचं पाहण्यांत दिसलं आहे, आणि त्यातल्या बहुतेकांना आपल्याला काय झालंय हेच माहीत नसतं. मुंबईत अर्धा देश राहतो. रोज रात्री या शहरातल्या हॉटेलांत किती जण माझ्यासारखे बसत असतील?

असो. नुसती आदळआपट करून थांबले तर तुम्ही म्हणाल हिला काही आवडतच नाही. म्हणून गिरगावातली गोष्ट सांगते.

आजारी पडून उठल्यावर पंधरा दिवसांनी नवऱ्याने जबरदस्तीने बाहेर काढलं. आठ टेबलांची मालवणी खाणावळ. मी सवयीने 'उपवास' म्हणायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की मालवणी खाणावळीत माशांच्या वासात बसून उपवास सांगणं मलासुद्धा जमणार नाही. मग खरं सांगितलं. गल्ल्यावरचे काका काही न बोलता आत गेले आणि आचाऱ्याला घेऊन आले. तो हात पुसत उभा राहिला आणि मला विचारू लागला. मला! "गहू नको म्हणजे रवा पण नको ना? मग बांगडा तांदळाच्या पिठात घोळवतो. वडे नका घेऊ, आमच्या वड्याच्या पिठात थोडे गहू असतात. भाकरी तांदळाची आहे, पाण्याच्या हाताने थापतो, पीठ लावलं तरी तांदळाचंच. मसाल्यात आमच्या हिंग पडत नाही. तवा मात्र सकाळपासून रव्याचा चाललाय, तो घासून घेतो की दुसरा काढू?"

"दुसरा काढा," मी म्हटलं. आवाज जरा कापराच झाला असावा, कारण नवऱ्याने चमकून पाहिलं.

वीस मिनिटं लागली. बांगडा आला, कडा कुरकुरीत, आत लुसलुशीत. तिसऱ्यांचं सुकं, भात, तांदळाच्या दोन भाकऱ्या, गुलाबी सोलकढी. मी बोटं चाटून जेवले. दर घासाला आत डोकावून बघायचं नाही, रात्रीची भीती नाही, शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या ताटात आणि माझ्या ताटात फरक नाही. आणि रात्री काहीही झालं नाही! बिल नेहमीचंच. दुसऱ्या तव्याचे पैसे लावले नव्हते.

त्या आचाऱ्याने कुठलाही कोर्स केलेला नव्हता. त्याने फक्त माझं म्हणणं खरं मानलं, आणि मग त्याचं त्याला सगळं सुचलं. आणि मला माझीही चूक तिथे कळली. 'उपवास आहे' म्हणून इतकी वर्षं मी माझ्यापुरती साबुदाण्याची खिचडी मिळवली, पित्त वाढवून घेतलं, आणि त्या हॉटेलांना काहीच शिकवलं नाही. माझ्यामागून कुणी दहा वर्षांची पोरगी तिथे गेली आणि तिच्या आईने खरं सांगितलं, तर वेटर तिच्याकडे तसाच बघणार, जसा माझ्याकडे बघायचा. त्यातला थोडा दोष माझा आहे. तेव्हा आजपासून उपवास बंद. हॉटेलात खरं सांगणार, आचाऱ्याला बाहेर बोलावणार, तव्याचं विचारणार, आणि पटलं नाही तर उठणार. सोबतच्यांना लाज वाटली तर वाटू दे.

आमची आजी पंगतीत वाढताना म्हणायची की पंक्तिप्रपंच करू नये. एकाच्या पानात तूप आणि शेजारच्याच्या पानात कोरडं, असं करणाऱ्याला मोठं पाप लागतं म्हणे. तेव्हा वाटायचं, हे वाढणाऱ्यासाठी आहे. आता वाटतं, ते पंगतीत बसलेल्यांसाठीही आहे. शेजारचं पान रिकामं दिसत असताना 'खा गपचूप' म्हणणं हाही पंक्तिप्रपंचच.

तर नातेवाईकांनो, तीन मागण्या. एक, यापुढे जेवणाचं ठरवताना 'तिला काहीतरी मिळेलच' असं म्हणायचं नाही, आधी विचारायचं. दोन, मी आचाऱ्याशी बोलत असताना टेबलावरून 'जाऊ दे गं' ऐकू येता कामा नये. उलट एकाने तरी माझ्याबरोबर उठून यायचं. तीन, यंदाच्या भाऊबीजेचं जेवण गिरगावात. दादा, तुला वडे मिळतील. आत्या, तुझ्यासाठी शाकाहारी ताट आहे, मी विचारून ठेवलंय, आणि त्यासाठी त्यांच्याकडे भांडी वेगळी आहेत!

आणि तुम्ही लिहिणारी मंडळी, मुंबईतल्या किंवा पुण्यातल्या चांगल्या जागा माहीत असतील तर जरूर कळवा. पण 'तिथे भाकरी मिळते' एवढ्यावर भागणार नाही. भाकरी थापतात की लाटतात, पीठ कसलं लावतात आणि तवा कुणाचा, हे आत जाऊन विचारून मग लिहा.